प्रश्न वाचकांचे : प्रसिद्ध वास्तू आणि हाताशी असलेला वेळ

प्रवासातील छायाचित्रणाविषयी आम्ही मागील अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर सारखाच आहे. पत्रलेखकांपैकी कोणीही खास छायाचित्रणासाठी प्रवासाला निघालेले नाही, ट्रायपॉड आणि लेन्स असा सरंजाम कोणाकडे नाही, आणि सहलीच्या वेळापत्रकातून जी काही मिनिटे पदरात पडतील तेवढ्यात जगप्रसिद्ध वास्तूसमोर उभे राहून काहीतरी टिपायचे आहे. अशा आयत्या वेळच्या छायाचित्रणाला पूर्वतयारी लागत नाही असे मानले जाते. मला ते अर्धेच पटते. वास्तूचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे कधी बदलत नाही, आणि सूर्य त्या वेळी कोठे असणार हे घड्याळ पाहून सांगता येते. एवढ्या दोन गोष्टी निघण्यापूर्वी पाहून ठेवल्या, की तेथे पोहोचल्यावर उरलेले सारे लक्ष समोर घडणाऱ्या गोष्टींकडे देता येते. पुढील उत्तरे याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी सहलीच्या गटाबरोबर आग्र्याला जाणार आहोत. ताजमहालाच्या आवारात जेमतेम तासभर मिळतो, असे आधी जाऊन आलेल्यांनी सांगितले. समोरून काढलेले छायाचित्र तर प्रत्येकाकडे असते. तेवढ्या वेळात वेगळे काही साधेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : समोरचे छायाचित्र काढू नका, असे मी सांगणार नाही. ज्यांनी चारबाग, मधला पाण्याचा पाट आणि त्याच्या टोकाशी समाधी अशी रचना केली, त्यांनी पाहणाऱ्याने कोठून पाहावे हेही ठरवून ठेवले आहे, आणि ती जागा टाळण्यात काही पुरुषार्थ नाही. दक्षिणेकडील मोठ्या दरवाजाच्या कमानीखाली ताज प्रथम दिसतो, तेथे दोन-तीन मिनिटे थांबा. कमानीच्या आत काळोख आणि बाहेर लख्ख संगमरवर असल्यामुळे मोबाइलचा कॅमेरा गोंधळतो. काळोख उजळण्याच्या नादात तो ताजला पांढरा डाग करून टाकतो. म्हणून पडद्यावर ताजच्याच प्रतिमेवर बोट टेकवावे आणि उजेड थोडा खाली ओढावा, म्हणजे कमान काळी राहते आणि घुमटाची गोलाई उमटते. बागेत पुढे गेल्यावर नेमके उलटे घडते. सारी चौकट पांढऱ्या दगडाने भरली, की कॅमेरा त्या पांढऱ्याला राखाडी समजून छायाचित्र मळकट करतो. तेथे उजेड थोडा वाढवावा लागतो.

यानंतर गटातील बहुतेक मंडळी बागेच्या मध्यावर असलेल्या संगमरवरी हौदापाशी रेंगाळतात, कारण १९९२ मध्ये राजकुमारी डायना ज्या बाकावर बसल्या होत्या त्या बाकाची ओढ अजून ओसरलेली नाही. तुम्ही तेथे रांगेत उभे राहू नका. ताज बागेच्या उत्तर टोकाला यमुनेच्या काठी आहे, त्यामुळे त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले, की तुमच्या उजव्या हाताला पूर्व आणि डाव्या हाताला पश्चिम येते. समाधीच्या दोन्ही बाजूंना तांबड्या दगडाच्या, जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या इमारती आहेत. डावीकडची मशीद आणि उजवीकडचा मेहमानखाना. सकाळी गेलात तर उजवीकडे मेहमानखान्यापाशी जा, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी राहील आणि ताजची पूर्व बाजू उजळलेली दिसेल. दुपारनंतर गेलात तर मशिदीपाशी जा. या दोन्ही इमारतींच्या तांबड्या कमानींतून पांढरा ताज तिरपा दिसतो, आणि समोरून कधीही न कळणारी गोष्ट तेथे कळते : चारही मिनार मूळ इमारतीपासून बरेच दूर, चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर उभे आहेत.

शेवटची दहा मिनिटे मी मुख्य कमानीच्या पायथ्याशी घालवीन. कमानीभोवती काळ्या दगडात जडवलेली अक्षरे आहेत आणि ती वर जाताना मोठी होत गेली आहेत, जेणेकरून खालून पाहणाऱ्याला सर्व अक्षरे सारख्याच आकाराची वाटावीत. भिंतीच्या अगदी जवळ उभे राहून मोबाइल सरळ वर धरला, तर एका चौकटीत अक्षरे, वेलबुट्टी आणि आकाशाची एक पट्टी मावते. समाधीच्या आतील दालनात छायाचित्रणाला बंदी आहे, आणि ट्रायपॉड आवारात नेता येत नाही. ताज शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो, हे सहल ठरवतानाच पाहून घ्यावे. संध्याकाळ मोकळी मिळाली तर नदीपलीकडील मेहताब बागेत जाऊन मागची बाजू पाहता येते, आणि तेथे सहसा इतकी दाटी नसते.

प्रश्न : मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे छायाचित्र काढले, की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. दिल्लीच्या कुतुबमिनाराचेही तेच झाले. दोष मोबाइलचा आहे की माझ्या हाताचा? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोष दोघांचाही नाही, तो भूमितीचा आहे. कॅमेरा भिंतीला समांतर असेपर्यंत उभ्या रेषा उभ्याच राहतात. इमारतीचा माथा चौकटीत आणण्यासाठी आपण कॅमेरा वर वळवला, की त्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकू लागतात. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत लेन्स स्वतंत्रपणे वर सरकवण्याची सोय असे, आणि वास्तूंचे व्यावसायिक छायाचित्रकार आजही त्या तत्त्वावरचे शिफ्ट लेन्स वापरतात. आपल्याजवळ त्याऐवजी पाय आहेत. टर्मिनससमोरून रस्ता ओलांडून महापालिका मुख्यालयाच्या बाजूला या, मोबाइल उभा आणि ताठ धरा, खाली रस्त्याचा पुष्कळ भाग आला तरी येऊ द्या, आणि तो नंतर कापून टाका. पडद्यावर जाळीच्या रेषा दाखवण्याची सोय असते. ती चालू ठेवून इमारतीचा एखादा कोपरा त्या रेषेशी जुळवावा. खरे तर तेथे रस्ता कापण्याची घाई करू नये असे माझे मत आहे, कारण फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीसमोरून लाल बस आणि लोकल पकडायला धावणारी माणसे गेल्याशिवाय ती ओळखीची वाटत नाही. दर्शनी बाजूला दुपारनंतरचे ऊन मिळते. तेव्हा मधल्या घुमटावरील ‘प्रगती’च्या पुतळ्याच्या हातातील मशाल आणि प्रवेशद्वाराच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ झूम करून टिपता येतात.

कुतुबमिनाराची गोष्ट थोडी निराळी आहे. सुमारे साडेबहात्तर मीटर उंचीचा तो मिनार पायाशी सव्वाचौदा मीटरहून अधिक रुंद आहे आणि माथ्याशी पावणेतीन मीटर. तो मुळातच निमुळता आहे. कॅमेरा वर वळवला, की हे निमुळतेपण वाढते, आणि मग घरी येऊन मोबाइलमधील दुरुस्तीच्या सोयीने त्याच्या कडा सरळ करू पाहणारे लोक त्याचा गिरणीच्या धुराड्यासारखा खांब करून ठेवतात. अशी दुरुस्ती करताना शेजारच्या अलाई दरवाजाच्या भिंती सरळ कराव्यात आणि मिनाराला आपल्या आकारात राहू द्यावे. ताजमहालाचे मिनारही किंचित बाहेर झुकलेले आहेत; तेही ‘सुधारू’ नयेत. पिसाचा मनोरा तर सुमारे चार अंशांनी कललेला आहे, आणि तिरप्या धरलेल्या मोबाइलमुळे तो कधी अगदी सरळ तर कधी कोसळायला आल्यासारखा दिसतो. शेजारच्या कॅथेड्रलची एखादी उभी भिंत चौकटीत घेतली, की मनोरा किती कलला आहे हे पाहणाऱ्याला खरेखुरे कळते. मनोऱ्याला हाताने टेकू देणारे छायाचित्र काढण्यास माझी हरकत नाही, पण तेथे गेल्यावर चहूबाजूंना हवेत हात टेकवून उभ्या असलेल्या माणसांचेच एक छायाचित्र काढून पाहा. ते जास्त मजेदार निघते.

प्रश्न : गेटवे ऑफ इंडियासमोर कुटुंबाचे छायाचित्र काढताना वास्तू पूर्ण घेतली तर माणसे मुंगीएवढी होतात, आणि माणसे नीट घेतली तर मागे नुसता दगड दिसतो. — एक वाचक, नांदेड

उत्तर : आपण सगळेच घरच्यांना वास्तूच्या पायथ्याशी पाठवतो आणि तेथून आणखी मागे, आणखी मागे अशा खुणा करत राहतो. याच्या उलट करावे. आधी वास्तू मनासारखी मावेल इतके तुम्ही आणि तुमचे कुटुंब दोघेही तिच्यापासून दूर या, आणि मग कुटुंबाला तुमच्यापासून आठ-दहा पावलांवर उभे करा. माणसे मोठी दिसतील, वास्तूही पूर्ण येईल. गेटवेपाशी छायाचित्रे काढून लगेच छापून देणारे जे फोटोवाले आहेत, ते गिऱ्हाइकाला कोठे उभे करतात हे दोन मिनिटे पाहिले तरी पुष्कळ शिकता येईल. जागेची त्यांच्याइतकी पारख फार थोड्यांना असते. गेटवेचे तोंड समुद्राकडे, म्हणजे पूर्वेच्या बाजूला आहे. सकाळी शहराच्या बाजूने छायाचित्र काढले तर सूर्य समोर येतो आणि सर्वांचे चेहरे काळवंडतात. त्या वेळी घारापुरीच्या लाँचमध्ये बसणार असाल, तर लाँच धक्का सोडून थोडी पुढे गेली, की उजळलेला गेटवे आणि त्याच्यामागे १९०३ मध्ये सुरू झालेले ताजमहाल हॉटेल असे दोन्ही एकत्र मिळतात. शहराच्या बाजूने काढायचे असेल तर दुपार टळल्यावर या.

प्रश्न : जयपूरला आमची गाडी उशिरा पोहोचली आणि हवामहाल पाहिला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सगळी इमारत सावलीत होती आणि छायाचित्रे निस्तेज आली. अशा वेळी काय करावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : हवामहालाची रस्त्याकडील बाजू पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे तिच्यावर ऊन पडते ते सकाळी. सवाई प्रतापसिंह यांनी १७९९ मध्ये बांधवलेल्या या वास्तूच्या ९५३ खिडक्यांचे उठाव कोवळ्या तिरप्या उन्हात जसे दिसतात तसे दुपारी चार वाजता दिसणे शक्यच नाही, आणि त्यासाठी खटपट करण्यात वेळ घालवू नये. त्या वेळी मागील बाजूने आत जावे. आतली चौके पश्चिमेच्या उन्हात असतात, आणि वरच्या मजल्यांवरील रंगीत काचांमधून उजेडाचे तुकडे जमिनीवर पडतात. जाळीच्या खिडकीतून खालचा बाजार टिपावा. राजघराण्यातील स्त्रियांना रस्ता दिसावा यासाठीच ही इमारत बांधली गेली, तेव्हा ती बाहेरून पाहण्याइतकीच तिच्यातून बाहेर पाहणे महत्त्वाचे आहे. मग दिवेलागणीला समोरच्या एखाद्या गच्चीवरील उपाहारगृहात चहा घ्यावा. तेथून मोबाइल वर वळवावा लागत नाही, आणि सूर्य मावळल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत आकाश निळे असताना दिव्यांच्या उजेडातील दर्शनी भाग चांगला येतो. आकाश पूर्ण काळे झाल्यावर तीच चौकट फिकी पडते.

दिशेचा हा हिशेब सगळीकडे लागू पडतो. रोममधील पँथिऑनचे तोंड उत्तरेला आहे, त्यामुळे त्याच्या खांबांवर समोरून ऊन क्वचितच पडते. तेथे माध्यान्ही आत जाऊन घुमटाच्या मध्यावरील गोल झरोक्यातून उतरणारा झोत टिपावा. पॅरिसला आयफेल मनोरा त्रोकादेरोच्या बाजूने पाहिला तर सकाळी सूर्य मनोऱ्याच्या मागे असतो आणि संध्याकाळी तुमच्या मागे; पलीकडच्या शां द मार्स या हिरवळीवरून पाहिले तर नेमके उलट. दोन्ही बाजूंना जाण्याइतका वेळ नसेल, तर घड्याळ पाहून बाजू निवडावी.

प्रश्न : मी प्रवासवर्णन लिहीत असून त्याच्या मुखपृष्ठावर आयफेल मनोऱ्याचे मीच रात्री काढलेले छायाचित्र छापण्याचा विचार आहे. ते बेकायदेशीर ठरेल असे एका स्नेह्याने सांगितले. हे खरे आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या स्नेह्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १८८९ मध्ये उभ्या राहिलेल्या मनोऱ्याचे निर्माते गुस्ताव्ह आयफेल १९२३ मध्ये वारले, आणि निर्मात्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असल्यामुळे दिवसा काढलेल्या छायाचित्राला कोणतीही आडकाठी नाही. रात्रीची रोषणाई मात्र नंतरची, १९८५ पासूनची आहे, आणि ती स्वतंत्र कलाकृती मानली जाते. घरच्या संग्रहासाठी किंवा स्नेह्यांना दाखवण्यासाठी रात्रीचे छायाचित्र काढण्यास कोणी अडवत नाही. विक्रीच्या पुस्तकावर छापण्यासाठी मात्र मनोऱ्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या संस्थेची परवानगी घ्यावी लागते. प्रकाशकाला हे आधीच सांगा, किंवा सरळ संध्याकाळच्या उन्हातील छायाचित्र वापरा. लुव्र संग्रहालयासमोरील काचेचा पिरॅमिडही याच कारणाने जपून वापरावा, कारण त्याचे वास्तुकार आय. एम. पेई यांचे निधन २०१९ मध्ये झाले आहे. भारतात स्थिती सोपी आहे : १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे वास्तूचे छायाचित्र काढणे वा प्रसिद्ध करणे हा हक्कभंग ठरत नाही. पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातील वास्तूंमध्ये व्यावसायिक चित्रीकरणासाठी लागणारी परवानगी ही वेगळी बाब आहे, तिची यात गल्लत करू नये.

आणखी एक व्यावहारिक सूचना. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला मनोरा पाच मिनिटे लुकलुकतो, तेव्हा मोबाइलमधील रात्रीच्या छायाचित्रणाची सोय बंद ठेवावी. ती चालू असली, की कॅमेरा कित्येक क्षणांचा उजेड एकत्र करतो आणि लुकलुकणाऱ्या ठिणग्यांऐवजी नुसता पांढुरका गाळ उरतो.

प्रश्न : बार्सिलोना येथील सग्रादा फामिलियाची तिकिटे ठरावीक वेळेची असतात. सकाळची घ्यावीत की संध्याकाळची? — एक वाचक, नागपूर

उत्तर : ज्या रंगात तुम्हांला ती वास्तू पाहायची आहे त्यावर हे ठरवावे. पूर्वेकडील खिडक्यांच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत आणि पश्चिमेकडील पिवळ्या, नारिंगी, तांबड्या. सकाळी खांबांवर शीतल रंग पडतात, दुपार उतरल्यावर उष्ण रंग. बाहेरून पाहताना येशूजन्माची दर्शनी बाजू पूर्वेला असल्यामुळे ती सकाळी उजळते. आंतोनी गावदी यांच्या हयातीत बरीचशी आकाराला आलेली बाजू हीच, आणि तिच्या कोरीव कामाला तिरपे ऊन हवेच. मला निवड करावयाची झाली तर मी आतल्या नारिंगी उजेडासाठी संध्याकाळचे तिकीट घेईन आणि बाहेरची पूर्व बाजू दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरूनच पाहीन, कारण त्यासाठी तिकीट लागत नाही.

प्रश्न : यासाठी नवा कॅमेरा घ्यावा काय? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हातात चांगला मोबाइल असेल तर नको. ते पैसे त्याच गावी आणखी एक रात्र राहण्यासाठी खर्च करावेत, म्हणजे तीच वास्तू दोन्ही वेळच्या उन्हात पाहता येईल.

प्रश्न : अजिंठा आणि वेरूळ येथे आत इतका अंधार असतो, की छायाचित्रे हललेली येतात. फ्लॅश वापरता येत नाही. काही उपाय आहे का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण तीव्र प्रकाशाने रंग उडतात. तेथे दोन्ही कोपरे छातीशी घट्ट धरावेत, श्वास सोडता सोडता हलकेच बटण दाबावे, आणि लागोपाठ तीन-चार छायाचित्रे काढावीत. त्यातले एखादे स्थिर निघते. कोरीव खांबांना किंवा चित्रित भिंतींना टेकून उभे राहू नये. छताची नक्षी हवी असेल तर मोबाइल पाठीवर निजवून जमिनीवर ठेवावा आणि पडद्याच्या बाजूच्या कॅमेऱ्याने, दहा सेकंदांची मुदत लावून, छायाचित्र घ्यावे. हात नाही म्हटल्यावर हलण्याचा प्रश्नच येत नाही, फक्त त्या दहा सेकंदांत कोणाचा पाय पडणार नाही एवढे पाहावे. चित्रांचे बारकावे मात्र मोबाइलमध्ये येतील अशी अपेक्षा धरू नये. त्यापेक्षा वाघूर नदीच्या पलीकडील उंचवट्यावरून नालाच्या आकाराच्या कड्यातील लेण्यांची सगळी ओळ टिपावी.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत आणि सहलीच्या बसगाड्या पुष्कळदा सकाळी पोहोचतात, त्यामुळे दर्शनी बाजू सावलीत सापडतात. तुम्ही जवळच्याच शहरात राहता, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही. दुपारी तीननंतर जा आणि आधी दहाव्या क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्यात शिरा, कारण उतरते ऊन चैत्यगवाक्षातून, म्हणजे दर्शनी बाजूच्या मोठ्या खिडकीतून, आत येऊ लागले, की एरवी काळोखात हरवणाऱ्या कमानदार छताच्या दगडी फासळ्या दिसू लागतात. मग कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातील हे मंदिर वरून खाली खोदत आणलेले आहे, आणि मागचा कडा सुमारे ३० मीटर उंच असल्यामुळे अंगणात उभे राहून ते एका चौकटीत मावत नाही. म्हणून बाजूने टेकडीवर चढावे. तेथून शिखर आपल्या नजरेच्या खाली येते, आणि अंगणात फिरणारी माणसे चौकटीत ठेवली, की किती दगड काढून टाकला गेला याचा अंदाज पाहणाऱ्याला आपोआप येतो. कड्याच्या कडेला पाय जपून टाकावा, पावसाळ्यात तर विशेष. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो.